लांब मानेचे मशरूम

मशरूमला ओल लागते, खेळती हवा लागते, जरासा उजेड लागतो आणि घरच्यांनी आपापले हात स्वतःजवळ ठेवलेले लागतात. पहिल्या तिन्हींची सोय मी केली होती. चौथी गोष्ट कुठल्या बाजारात मिळते ते अजून मला कळलेलं नाही.

घराच्या कडेच्या चिंचोळ्या जागेत मी पाइपांचा सांगाडा उभा केला, त्यावर प्लास्टिक चढवलं, वरून हिरवी जाळी टाकली. आत दोरीला गव्हाच्या काडाने भरलेल्या पिशव्या टांगल्या. त्यांना भोकं पाडलेली, त्या भोकांतून मशरूम बाहेर येणार. कोपऱ्यात धुकं सोडणारं मशीन, मागे हवा बाहेर फेकणारा पंखा आणि जमिनीलगत ताजी हवा आत घ्यायला झडपा. कागदावर एकदम सोपं होतं.

पण ती जागा दिरांना गाडी लावायला हवी होती. शेजारच्या गल्लीत राहतात, तिथे गाडीला जागा नाही, म्हणून येता-जाता विचारायचे, "वहिनी, तुमचा हा भिजका मांडव कधी उठणार?" शेवटी एकदा चारचौघांत मीच मोठ्या तोंडाने कबूल करून बसले. चौकातल्या हॉटेलचा आचारी माल बघायला येतोय. त्याने दर आठवड्याला घ्यायचं कबूल केलं तर मांडव राहील, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाइप सोडायला या.

आणि पहिली तोडणी अशी आली की रडावं की हसावं कळेना. देठ वीतभर आणि टोपी शर्टाच्या बटणाएवढी. शेजाऱ्यांच्या भांडणात डोकावायला माना लांब करून उभे असावेत तसे सगळे. आचाऱ्याने एक गुच्छ उचलला, उलटा केला, सुलटा केला. "ताई, मला टोपी हवी. दांड्याचं मी काय करू?" पुन्हा एकदा येतो म्हणाला, शनिवारी. तेव्हाही असेच असले तर माफ करा म्हणाला. चांगला माणूस आहे, म्हणून जास्त लागलं.

बियाणंवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "हवा कोंडतेय. त्यांना आपल्यासारखाच श्वास लागतो. कोंडलं की माना वर काढतात."

"कशी कोंडेल? पंखा चालू आहे, झडपा उघड्या आहेत. कामाला जाताना बघते, आल्यावर बघते."

"मधल्या वेळात बघा."

मधल्या वेळात मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, तिथून काय दुर्बीण लावून बघू? घरी असतात ते आमचे हे. पुढच्या खोलीत बसून घड्याळं दुरुस्त करतात. मदतीचा उत्साह दांडगा. मागे एकदा मला न विचारता त्यांनी मोठा पंखा बसवला होता, तर सगळी ओल उडून तोडणीआधीच टोप्यांना टाचेसारख्या भेगा पडल्या आणि सगळं फेकावं लागलं. ओल धरायला जावं तर हवा कोंडते, हवा सोडावी तर ओल जाते, आणि मध्ये हे. म्हणून संशय सरळ ह्यांच्यावर गेला.

"दुपारी पंखा बंद करता का तुम्ही?"

"मी कशाला करू?"

"आवाज होतो म्हणून. घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही म्हणून."

"झाला असेल बंद," हे म्हणाले. "लक्ष ठेवतो."

झाला असेल म्हणजे काय? माणसाने केलं तर केलं म्हणावं, नाही तर भांडावं. मी रोज बोलायचे आणि हे मूग गिळून ऐकून घ्यायचे. पालथ्या घड्यावर पाणी. मशरूमच्या माना लांब त्या लांबच.

घरात तिसरं माणूस सासूबाई. त्यांच्याकडे बोट दाखवायचा प्रश्नच नव्हता, कारण त्या उठतच नव्हत्या. सगळी नोकरी मोठ्या दवाखान्यात, नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून. निवृत्त झाल्या आणि त्यांचं गाडंच बसलं. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायच्या. जेवायला बोलावलं की "ठेव तिथे." मांडव उभा राहिला तेव्हा एकदाच बघायला आल्या आणि एका पिशवीवर हात ठेवला. मी म्हटलं, "आई, हात नका लावू, जंतू जातात." तशाच परत गेल्या. सिस्टरबाईंना जंतू शिकवणारी मी शहाणी.

सोमवारी चष्मा विसरले म्हणून दुपारी परत आले. पंख्याचा आवाज नव्हता. म्हटलं, आज ह्यांना रंगेहाथ पकडते. प्लास्टिकचा पडदा सारला आणि तोंडावर गरम, कोंदट वाफ आली. पंखा बंद. सगळ्या झडपांत जुन्या चादरींच्या घड्या, त्याही कोपरे दुमडून अशा नीट खोचलेल्या की वारा काय, मुंगी शिरणार नाही. आणि मधोमध स्टुलावर सासूबाई. अंगात स्वेटर, डोक्याला पांढरी टोपी, केस आत घेतलेले.

"सात नंबर कालपासून मलूल आहे," त्या मागे न बघता म्हणाल्या. "पण तीन नंबरने बाळसं धरलंय."

ते सगळं आमच्या ह्यांना सांगत होत्या. हे पाण्याचं भांडं धरून शेजारी उभे. मला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय चाललंय?" मी म्हटलं.

"हळू बोल," सासूबाई म्हणाल्या.

"झडपा कुणी बुजवल्या?"

"मी. तू येतेस तेव्हा काढून ठेवते, उगाच तुला राग नको." त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "इवलीशी बाळं ती. आणि तू त्यांना पंख्याखाली टांगून कामाला जातेस. अंग ओलं आणि वारं थेट अंगावर. असं ठेवतात का?"

मी ह्यांना बाहीला धरून बाहेर ओढलं. "तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"आणि माझी बोलणी खाल्लीत. रोज."

"अगं, ती उठते," हे म्हणाले. "तू गेलीस की उठते. आंघोळ करते, केस विंचरते, टोपी घालते आणि ड्यूटीवर जाते. आत आली की भूक लागली म्हणते. जन्मभर वॉर्डाच्या दारात प्रत्येक आईला ती एकच वाक्य सांगत आली, वाऱ्याला जपा. आता तिला झडपा उघड म्हणून कसं सांगू? म्हटलं, मशरूम काय, परत येतील."

"परत कुठे येतील? रविवारी तिथे गाडी येतेय."

"तेही तिला सांगायचं राहिलंय."

मी कपाळावर हात मारला. इतका राग आला होता आणि काढायला कुणी नव्हतं. सासूबाईंना आत यायला बंदी करावी तर त्या पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. करू नये तर मशरूम जाणार, मांडव जाणार, आणि मग त्या भिंतीकडे तोंड करणारच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि ह्यांच्या हातात पाण्याचं भांडं.

आत गेले. पाच नंबरच्या पिशवीला जुना एक लांबड्या राहिला होता, तो तोडून त्यांच्या हातावर ठेवला.

"आई, वॉर्डात बाळ निळं पडलं तर काय करायचात?"

"आधी नाक-तोंड साफ, मग ऑक्सिजन. हे काय विचारणं झालं?"

"मग हे बघा. हे निळं पडलंय असं समजा. मान कशी वर काढलीय बघा. हवा शोधतंय. त्यांना गारठा बाधत नाही, आई. ते गुदमरतायत."

त्यांनी चष्मा पुसून घातला आणि तो लांबडा देठ बराच वेळ बघितला. मला वाटलं आता रडतील, नाहीतर मलाच खोटं पाडतील. त्या स्टुलावरून उठल्या.

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"अहो, मला काय माहीत तुम्ही..."

"हात लावू नका म्हणालीस. पुढे काही सांगितलंस? नवी पोरगी वॉर्डात आली तरी तिला आधी बसवून समजावतात." मग ह्यांच्याकडे वळल्या. "बघत काय राहिलास? चादरी काढ."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

चादरी निघाल्या, पंखा लागला आणि बघता बघता ओल मोजायच्या मीटरचा आकडा घसरायला लागला. तोच तर घोळ आहे, मी त्यांना सांगितलं. बियाणंवाला म्हणतो झडपांपुढे ओलं गोणपाट टांगा, म्हणजे हवा आत येताना ओलसर होऊन येईल. पण ते दिवसभर ओलं कोण ठेवणार, म्हणून मी नाद सोडला होता.

"मी काय मेले?" सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून माझ्या ग्रीनहाऊसमध्ये मला कवडीची किंमत उरली नाही. हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही. आत हळू बोलायचं. ह्यांना गोणपाट भिजवायची ड्यूटी, आणि गोणपाट कोरडं सापडलं तर सगळ्यांदेखत खरडपट्टी. मी मीटर बघायला गेले तर, "मी आत्ताच बघितलाय, पुन्हा पुन्हा दार उघडू नको." वैताग आला होता नुसता. पण सोमवारी टाचणीच्या डोक्याएवढे असलेले मशरूम शुक्रवारी तळव्याएवढे रुंद झाले होते, देठ आखूड, एकावर एक दाटीने. मी तिथेच उभी राहून डोळे पुसले आणि त्यावरही ऐकून घेतलं की पिशवीवर टिपं गाळू नकोस.

शनिवारी आचारी आला. ज्याच्यापुढे हॉटेलचं सगळं स्वयंपाकघर थरथर कापतं असा आडदांड माणूस. सासूबाई पडद्याशी टोपी घालून उभ्या.

"चपला बाहेर. हात धुतले?"

त्याने निमूट कोपरापर्यंत हात धुतले. आत येऊन एकेक पिशवी बघितली. "हे तेच?" त्याने मला विचारलं. मी हो म्हटलं. "दर शनिवारी येईन," तो म्हणाला. तेवढ्यात मोजपट्टी घेऊन दीर हजर. "वहिनी, जरा टोक धरता का?"

"कोण आहे ते?" आतून आवाज आला. "भेटायची वेळ संपली."

दिरांनी पट्टी गुंडाळली आणि आल्या पावली परत गेले. आईपुढे त्यांचं कधीच काही चाललेलं नाही.

मी सुरी चालवली तेव्हा सासूबाईंनी तोंड फिरवलं. पण गुच्छ दुसऱ्या कुणाला हातात घेऊ दिला नाही. एकेक उचलून, खाली हात देऊन, स्वतः आचाऱ्याच्या पिशवीत ठेवला. तो निघाला तशा त्या पडद्यापर्यंत गेल्या.

"वाऱ्याला..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. माझ्याकडे बघितलं.

"पिशवीचं तोंड बांधू नका," त्या आचाऱ्याला म्हणाल्या. "श्वास घेऊ दे त्यांना."

त्याने त्यांच्या टोपीकडे बघितलं. "हो, सिस्टर," तो म्हणाला.

निवृत्तीनंतर त्यांना कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती. सासूबाईंनी टोपी सारखी केली. मला कुठे बघावं सुचेना, म्हणून मी ह्यांच्यावर ओरडले की गोणपाट कोरडं पडलंय, दिसत नाही का.

"हळू बोल," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.