नियम अकरावरची चिठ्ठी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्यात एकही चित्र नाही. राजा नाही, राक्षस नाही, आणि शेवटी सगळे सुखाने नांदू लागले असं तर मुळीच नाही. मी एक जुनी नियमपुस्तिका आहे. चौसष्ट पानं, निळा पुठ्ठा, मधोमध दोन पिना. पुठ्ठ्यावर लिहिलंय, 'विधी पदव्युत्तर पदवी : अध्यादेश व विनियम'. एवढं वाचूनच तुम्ही मला बाजूला ठेवणार होता ना? थांबा जरा. मोठी माणसंही तेच करतात, आणि त्यामुळे काय झालं तेच सांगायला मी बसले आहे.

कायद्याची पदवी मिळाली, काळा कोट अंगावर चढला, तरी काही जणांची शिकण्याची हौस फिटत नाही. ते आणखी दोन वर्षं अभ्यास करतात, चार सत्रांच्या परीक्षा देतात आणि शेवटी एका विषयावर स्वतः शोध घेऊन जाडजूड प्रबंधिका लिहितात. या पदवीला एलएल.एम. म्हणतात. प्रवेश कोणाला द्यायचा, हजेरी किती हवी, नापास झालं तर पुढे काय, हे सगळं माझ्या पोटात आहे. मी कोणाची बाजू घेत नाही. माझ्यापुढे कोणी रडलं तरी माझी अक्षरं जागची हलत नाहीत. याचा मला फार अभिमान होता.

माझा जन्म २००६ साली जळगावच्या एका छापखान्यात झाला. शाई वाळते न वाळते तोच मला गठ्ठ्यात बांधलं आणि एस.टी.च्या टपावरून धुळ्याला रवाना केलं. तिथल्या एका विधी महाविद्यालयाच्या कचेरीत मी उतरले ती तोताराम पाटलांच्या टेबलावर. तोताराम मूळचे रावेरकडचे, केळीच्या बागेत वाढलेले. नोकरीसाठी धुळ्यात आले आणि इथलेच झाले. कचेरीत लिपिक म्हणून लागले, पुढे वरिष्ठ लिपिक झाले. सगळे त्यांना नाना म्हणायचे.

नानांनी मला जसं जपलं तसं कोणी पोटच्या पोरालाही जपत नसेल. आल्या दिवशी खाकी कागदाचं वेष्टण घातलं. कोणी थुंकी लावून माझं पान उलटलं की ते लगेच म्हणायचे, "अहो साहेब, ते पुस्तक आहे, नोटांचं बंडल नाही!" प्राचार्यांनासुद्धा त्यांनी हे एकदा सुनावलं होतं. प्राचार्य हसले, पण बोट पुसून घेतलं.

आता विद्यापीठाची एक सवय तुम्हाला सांगायला हवी. ते नियम करतं आणि मग बदलतं. बदललं की परिपत्रक येतं. इतर कचेऱ्यांत अशी परिपत्रकं फायलीत जातात आणि तिथंच झोपतात. नानांना ते खपत नसे. ते नवा नियम टाइप करायचे, चिठ्ठी बेताची कापायचे आणि जुन्या नियमावर माझ्या अंगावर डकवायचे. बाटलीतल्या डिंकावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या पत्नी कुंदाबाई घरी मैद्याची खळ शिजवून द्यायच्या. कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालायच्या. खळ लावली की नाना चिठ्ठीवरून पितळी पट्टी फिरवायचे. एक सुरकुती राहायची नाही. माझ्या अंगावर अशा एकोणीस चिठ्ठ्या होत्या. तपासणीला आलेल्या समितीने मला हातात घेऊन म्हटलं होतं, "असं अद्ययावत पुस्तक आम्ही कुठेच पाहिलं नाही." त्या दिवशी नानांनी सगळ्या कचेरीला स्वतःच्या खर्चाने भजी खाऊ घातली.

त्यातली बारावी चिठ्ठी २०१५ सालची. ती होती नियम अकरावर.

मूळ नियम अकरा म्हणत होता की प्रवेश घेतल्यापासून पाच वर्षांत प्रबंधिकेसह सगळं पूर्ण करावं, नाहीतर नोंदणी रद्द होईल. परिपत्रक आलं की पाचाऐवजी चार वर्षं करा. त्या वेळच्या प्राचार्यांना बारीक अक्षर दिसत नसे. म्हणून नानांनी अख्खं वाक्य ठळक, मोठ्या अक्षरांत टाइप केलं. चिठ्ठी चार बोटं रुंद झाली. ती डकवताना त्यांनी नियम झाकला आणि त्याच्या खालच्या तीन ओळीही झाकल्या. त्या ओळी 'परंतु' या शब्दाने सुरू होत होत्या. त्या ओळी रद्द करा, असं परिपत्रकात कुठेही म्हटलेलं नव्हतं. चिठ्ठी मात्र इतकी सफाईदार बसली की कोणाला संशय आला नाही. नाना स्वतःही विसरून गेले.

मला ठाऊक होतं. पण मित्रांनो, पुस्तकाला आपण होऊन बोलता येत नाही. ते उघडतील तेवढंच सांगतं.

पुढच्या काही वर्षांत दोघं जण मुदत संपल्यावर कचेरीत आले. पहिली डिंपल, तिला जुळी झाली होती. दुसरा भाईदास, अपघातात त्याचं कंबरेचं हाड मोडलं होतं, दीड वर्ष खाटेवर काढलेलं. नाना कधी कोणाला नुसतं नाही म्हणून घालवत नसत. ते मला उघडायचे, माझं तोंड समोरच्या माणसाकडे फिरवायचे आणि म्हणायचे, "माझ्या पदरचं काही नाही बरं. तुम्हीच वाचा." दोघांनीही वाचलं. दोघंही गेले. नानांना वाईट वाटलं, पण झोप नीट लागली, कारण नियम तो नियम.

मग गेल्या वर्षी एका सोमवारी सुलक्षणा आली. शिरपूरकडची, तिशीतली. वडील लवकर गेलेले, लग्नानंतर सासरच्यांनी शिकवलेली. दोन बस बदलून आली होती, आणि बरोबर सासू, तानुबाई. तानुबाईंच्या कडेवर दीड वर्षाची नात. सुलक्षणाच्या पिशवीत प्रबंधिकेच्या चार प्रती, लाल बांधणीच्या. विषय होता सातपुड्याच्या पाड्यांवरचे वनहक्काचे दावे. त्यासाठी ती पाड्यापाड्यावर फिरली होती. चारही सत्रं पहिल्या वर्गात पास. पण पोटुशी असताना डॉक्टरांनी तिला सात महिने अंथरुणावरून हलू दिलं नाही, आणि त्यात मुदत टळली. चार वर्षं उलटून पाच महिने झाले होते. विद्यापीठ वर्षातून एकदाच प्रबंधिका स्वीकारतं, आणि त्या वर्षीची शेवटची तारीख होती त्याच आठवड्यातला शुक्रवार. ती चुकली तर नोंदणी रद्द. सगळ्या परीक्षा पाण्यात, पुन्हा पहिल्या सत्रापासून सुरुवात.

"विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघितलंत का?" नानांनी विचारलं.

"बघितलं नाना. तिथं नवे नियम आहेत. आमची तुकडी जुन्या नियमांची, आणि ते पान उघडतच नाही."

नानांनी मला काढलं. वेष्टण झटकलं, नियम अकरा उघडला आणि माझं तोंड तिच्याकडे फिरवलं. "माझ्या पदरचं काही नाही बरं, ताई. तुम्हीच वाचा."

तिने वाचलं. दोनदा वाचलं. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही. मी अशी तोंडं आधी पाहिली होती. खरं सांगते, मला फारसं काही वाटलं नाही.

"काय लिखेल शे व माय?" तानुबाईंनी विचारलं.

"चार वर्षांच्या पुढे घेत नाहीत, आत्या."

"मी अंगठाबहाद्दर बाई. माले बोट ठेईसन दखाड, कोठे लिखेल शे ते."

सुलक्षणाने सासूचं बोट धरून माझ्यावर ठेवलं. तानुबाईंनी ते बोट ओळीवरून सरकवलं, मग चिठ्ठीच्या काठावरून, मग पुन्हा मागे. शेतात कापूस वेचून वेचून त्या बोटांना फार बारीक कळत होतं.

"भाऊ, हाई जागा बाकीना पानपेक्षा जाड शे. याना खाले काय शे?"

"जुना नियम, अक्का. पाच वर्षांचा. तो आता गेला."

"जुना इतला मोठा व्हता का?"

नाना हसले. सुलक्षणा मात्र हसली नाही. तिने नाक ओढलं, पदराने डोळे पुसले आणि तिच्यातली वकील जागी झाली. "नाना, ही चिठ्ठी ज्या परिपत्रकावरून लावली, ते आहे का तुमच्याकडे?"

"नसायला काय झालं!" नानांना राग आला. त्यांच्या फायलींवर कोणी शंका घेतलेली त्यांना चालत नसे. दोन मिनिटांत त्यांनी परिपत्रक टेबलावर आपटलं. सुलक्षणाने मोठ्याने वाचलं, "नियम अकरामधील 'पाच' या शब्दाऐवजी 'चार' हा शब्द वाचावा." मग म्हणाली, "बस. नाना, यांनी एकच शब्द बदललाय. तुमची चिठ्ठी तर सात ओळी झाकते."

 नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग उठून माठातलं पाणी आणलं, रुमाल ओला केला आणि माझ्या अंगावर ठेवला.

कुंदाबाईंची खळ ती. सहजासहजी सुटते थोडीच? अर्धा तास गेला. नाना रुमाल दाबत होते, पितळी पट्टीने काठ उचलत होते. चिठ्ठी सुटली तेव्हा माझी थोडी कातडीही तिच्याबरोबर गेली, पण अक्षरं शाबूत होती. नानांनीच मोठ्याने वाचलं.

"परंतु, प्रसूती, दीर्घ आजार अथवा अपघात यांमुळे खंड पडल्यास, प्राचार्यांच्या शिफारशीने, विद्यार्थ्यास आणखी एक वर्ष मुदत देता येईल."

सुलक्षणा बाकावर बसून रडू लागली. तानुबाईंना कोणी अर्थ सांगायची गरज पडली नाही. त्यांनी नातीचा मुका घेतला. "पोरी, आते रडू नको. उठ, अर्ज लिख."

अर्ज लिहिला गेला. प्राचार्य योगेंद्र सरांनी शिफारस दिली. गुरुवारी विद्यापीठाची मंजुरी आली आणि शुक्रवारी दुपारी सुलक्षणाच्या लाल प्रती जमा झाल्या. पोचपावतीवर नानांनी शिक्का मारला. इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

सरांनी नानांना आत बोलावलं. मी त्यांच्या हातातच होते. "नाना, झालं ते झालं. चिठ्ठी नीट कापा आणि पुन्हा लावा. बाहेर वाच्यता नको. सहा महिन्यांत निवृत्त होताय, उगाच पेन्शनच्या कागदांना फाटे फुटतील."

"दोघं परत गेलेत सर, माझ्यासमोरून."

"तुम्ही काही मुद्दाम केलंत का?"

"नाही. म्हणूनच जास्त लागलंय."

त्याच संध्याकाळी नानांनी जुन्या नोंदवहीतून नंबर शोधले. भाईदासने सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. डिंपल आता सुरतेला असते, साड्यांच्या दुकानात हिशेबनीस आहे. ती म्हणाली,

"नाना, एक सांगू? माझ्या घरच्यांनी तेव्हा म्हटलं होतं, कचेरीतला माणूस त्रास देत असेल, आपण वरपर्यंत जाऊ. मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, त्या माणसाचा काही दोष नाही, मी स्वतःच्या डोळ्यांनी पुस्तकात वाचलंय."

नानांच्या हातून मी टेबलावर पडले. त्यांनी मला उचललं नाही. सत्तावन्न वर्षांचा माणूस कचेरीत सगळ्यांदेखत रडला. आणि मित्रांनो, ज्या अक्षरांचा मला एवढा गर्व होता, त्यांची मला त्या क्षणी लाज वाटली. तिने माणसावर नव्हे, माझ्यावर विश्वास ठेवला होता.

त्या दोघांसाठी आता 'परंतु'ची मुदतही उलटून गेली होती. कचेरीच्या चुकीने एखाद्याची वर्षं गेली तर काय करावं, याचा नियम माझ्यात शोधूनही सापडत नाही. नानांनी शोधला. चौसष्ट पानं त्यांनी पहिल्यांदाच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

पुढच्या आठवड्यात सुलक्षणा पेढे घेऊन आली. नानांनी तिला सगळं सांगितलं. तिने पेढ्यांचा पुडा बाजूला सारला आणि कोरा कागद मागितला. डिंपल आणि भाईदास यांच्यासाठी विशेष बाब म्हणून विचार व्हावा, असं निवेदन तिने तिथंच बसून लिहिलं. त्यात एक वाक्य नानांचं होतं : 'ही चूक माझ्या हातून झाली आहे.' खाली त्यांनी पूर्ण नाव लिहून सही केली. सरांनी कपाळाला हात लावला, पण पाठवायला नाही म्हणाले नाहीत.

पुरावा म्हणून मला त्या निवेदनाला जोडलं आहे. सध्या मी विद्यापीठाच्या कचेरीत एका फायलीत पडून आहे. निर्णय अजून झालेला नाही. नाना निवृत्त झाले. दर सोमवारी त्यांचा इथं फोन येतो, 'त्या दोघांचं काय झालं?' म्हणून. इथला साहेब म्हणतो, "प्रक्रियेत आहे." नाना म्हणतात, "बरं, पुढच्या सोमवारी करतो."

माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ झटका. मी तसं मागणार नाही. मला वीस वर्षं जपलं. वेष्टण घातलं, कसर लागू दिली नाही, थुंकीचं बोट लागू दिलं नाही. एकदा कोणी पूर्ण वाचलं असतं, तर डिंपल आज सुरतेत साड्यांचा हिशेब लिहीत बसली नसती.