लाल पट्टीवरचा माइक

मी एक माइक आहे, पण माझ्यासमोर कोणी भाषण करत नाही. मी जेमतेम करंगळीएवढा. आवाज गिळणाऱ्या फोमच्या टोकदार भिंतींच्या खोलीत, काठीच्या टोकावर बसून मी फक्त ऐकतो.

समोरच्या नळीतून, म्हणजे विमानाच्या इंजिनाच्या छोट्या नमुन्यातून, आवाजापेक्षाही वेगाने हवेचा झोत सुटतो. त्याचा खरा आरडाओरडा मागे, तिरका जातो. म्हणून तो सगळ्यात मोठा ऐकू येतो, तिथेच माझी जागा ठरवून ताईंनी लाल पट्टी चिकटवली होती. ताई म्हणजे इथल्या इंजिनिअर. रोज सकाळी त्या माझ्या तोंडावर एक डबी बसवून बरोबर चौऱ्याण्णव डेसिबलचा सूर वाजवायच्या. मी चौऱ्याण्णवच सांगितले, की हसायच्या. "कान्या, तू कधी थापा मारत नाहीस!" केवढा फुगायचो मी!

ताईंनी नळीच्या काठाला करवतीसारखे दाते पाडले. आवाज पाच डेसिबलने घटेल, असं त्यांचं गणित होतं. लाल पट्टीवरून मी ऐकलं. दोनच घटला होता.

"उद्या पाहुणे येणार आणि तुम्ही दोन दाखवणार?" ताईंचे साहेब कडाडले.

"सर, तो ऐकतो तेच सांगतो."

"मग त्याला बरं ऐकू येईल तिथे बसवा की!"

मला वाटलं, ताई भांडतील. पण त्यांनी माझी काठी उचलली. एक पाऊल बाजूला. अजून अर्धं. आवाज बरोबर पाचने कमी आला, तिथे त्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांबरोबर विमानतळाच्या धावपट्टीमागच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. "विमान उडालं की मुलं माझे ओठ वाचतात हो. आता शिकवताना थांबावं नाही ना लागणार?"

"नाही लागणार," ताई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

शाळा दूर हलवायचं ठरलं होतं, ते माझ्या आकड्यावर रद्द झालं. मी खोटं बोललो नव्हतो, तरी खोटा ठरलो.

ताई अजून रोज डबी बसवतात. मी चौऱ्याण्णवच सांगतो. त्या आता हसत नाहीत, आणि लाल पट्टी कुणीतरी खरवडून काढली आहे.

ताई, एकदाच मला त्या शाळेच्या खिडकीत ठेवा. आणि विमान जाईपर्यंत तुम्हीही तिथे थांबा.