दादाची चढती रेघ

दादा माझ्या वर्गात पहिल्यांदा येऊन बसला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. शिंपीकाम करणाऱ्या या थोरल्या भावाने मला उभं आयुष्य 'ढ' म्हणून हाक मारली, तीही चारचौघांत. आता मी शेअरचे चार्ट वाचायला शिकवतो आणि तो पहिल्या बाकावर बसून मला सर म्हणत होता.

त्याची नड खरी होती. वहिनीला काचबिंदू झाला होता. तीन महिन्यांत ऑपरेशन करा, गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दादाकडे पैसे निम्मेच होते. ते दुप्पट करायला तो आला होता.

मी फळ्यावर चढता त्रिकोण काढला. भाव वर जाऊन एकाच उंचीवर अडतो, खाली येतो, पण दर वेळी आधीपेक्षा वरच थांबतो. ते तळ जोडले की चढती रेघ मिळते. मग एखाद दिवशी भाव वरचा अडसर फोडून सुटतो.

"आणि रेघेखाली आला तर?" दादाने विचारलं.

"तर त्रिकोण संपला. विकायचं आणि गप घरी जायचं."

त्याने वहीत लिहून घेतलं. तसाच एक चार्ट हुडकून सगळे पैसे लावले. रोज तो चार्ट छापून आणायचा आणि कापडावर खडू ओढावा तशी एका दमात रेघ ओढायचा. हात सुरेख होता, नाकारत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात भाव रेघेखाली आला. दादाने रेघ खोडली आणि जरा खालून नवी ओढली.

"हे काय?" मी म्हणालो.

"गिऱ्हाइकाचं पोट सुटलं म्हणून कोणी पँट टाकून देतं का? शिवण उसवायची, अर्धा इंच सोडायची. तुला नाही कळायचं, ढ."

मागच्या बाकावरची पोरं हसली. तेव्हा नुकसान किरकोळ होतं. 'विकून टाक' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणालो, "छान बसली."

पुढे त्याने ती रेघ पाच वेळा सैल केली. पाचव्या वेळी ती चढायची थांबून आडवी झाली होती. मी दर वेळी मान डोलावली. पैसे मातीत गेले आणि तीन महिनेही उलटले.

परवा वहिनी आली, भिंतीला हात लावत लावत. आता मुस्काटात बसणार, असं मला वाटलं. बसली असती तर सुटलो असतो.

"भावजी, ह्यांना परत वर्गात घ्या," ती म्हणाली. "घरात नुसते रडत बसतात. सर तर रोज बरोबर म्हणत होते, मग माझंच कुठे चुकलं, म्हणतात."

तिने फीच्या नोटा पुढे केल्या. "मोजून घ्या, मला दिसत नाही."

मी मोजून घेतल्या.