बनुबाईची वचनं

बनुबाईला क्षय झाला तेव्हा भावकीतल्या बायकांनी तिच्या भाकरीचं ताट वेगळं केलं. तिचा नवरा लालासाहेब मात्र घाबरला नाही. सत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यानं तिला रहिमतपूरला गाडीत बसवलं आणि सांगलीकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं. पावसाळा सरेपर्यंत ती तिथल्या लांबट वॉर्डात पडून होती.

तिथं अंजना नावाच्या सिस्टर होत्या. रोज सकाळी सुई टोचताना त्या बायबलातलं एक वचन म्हणायच्या आणि बनुबाईकडून म्हणून घ्यायच्या. बनुबाईला अक्षर येत नव्हतं, पण जात्यावरच्या ओव्या तिला शेकड्यानं पाठ होत्या. वचनंही तशीच बसली. आधी सुईचं दुखणं विसरायला म्हणून ती म्हणायची. मग हळूहळू त्यांचा अर्थ लागायला लागला. कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारतंय, आपलं पाप धुतलंय, मेल्यावर आपल्यासाठी जागा करून ठेवलीय, हे तिला खरं वाटलं. इतकं खरं, की घरी परतण्याआधी तिनं बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं आणि नवऱ्याला विचारलं.

"पाण्यात बूड न्हाईतर तेलात," लालासाहेब म्हणाला, "जिती घरी आलीस म्हंजी बास हाय मला."

भावकी थोडे दिवस कुरकुरली. बनुबाई देवळात गेली नाही, पण देवळात जाणाऱ्यांशी भांडलीही नाही. महिन्यातून एकदा ती एसटीनं साताऱ्याला उपासनेला जायची. बाकी दिवस उसात खुरपताना, शेण भरताना, चुलीपुढं बसल्यावर तिची वचनं चालूच असायची. लालासाहेब म्हणायचा, घरात रेडिओ नसला तरी चालतंय.

त्यांचा एकुलता मुलगा मानसिंग पलटणीत होता. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तो रजेवर आला. जायच्या आदल्या दिवशी दुपारी तो ओसरीवर बुटांना पॉलिश करत बसला होता. बनुबाई त्याच्याजवळ येऊन टेकली.

"मानसिंग, एकच वचन पाठ कर माझ्यासाठी. लय लहान हाय."

"आये, साहेबानं शिकवल्यालं पाठ करता करताच जीव जातुया," तो हसत म्हणाला. "पुढच्या रजंला. चांगली दहा शिकव."

तिनं जास्त ताणलं नाही. पोरगं चाललंय, कशाला तोंड वाईट करायचं, असं तिला वाटलं.

डिसेंबरात लढाई झाली आणि पूर्वेकडं कुठल्याशा नदीच्या काठावर मानसिंग पडला. तार आली. अंत्यविधी तिकडंच झाला होता. नंतर त्याची पेटी आली, तिच्यात कपडे, वस्तरा आणि घरून नेलेली चादर होती. गावानं शाळेपुढं सभा घेतली, मोठी माणसं बोलली. बनुबाई पदर तोंडावर घेऊन बसून राहिली. ती रडली, पण रडण्यापेक्षा तिला एक प्रश्न जाळत होता, आणि तो त्या सभेत कुणाला विचारण्यासारखा नव्हता.

पुढच्या महिन्यात ती साताऱ्याला गेली. उपासना संपल्यावर पाद्री दानिएल आवळे तिच्याजवळ आले. ते शांत, मऊ मनाचे गृहस्थ होते. देवाची कृपा अथांग आहे, असं त्यांनी सुरू केलं.

"ते मला ठावं हाय, पाद्रीसाहेब," ती म्हणाली. "माझा मानसिंग तितं असंल का न्हाई, तेवढं सांगा."

"त्यानं प्रभूला स्वीकारलं होतं का?"

"न्हाई. पुढच्या रजंला, म्हनला."

खोटं बोलणं पाद्रीसाहेबांना जमणारं नव्हतं. "मला सांगता येत नाही, बनुबाई," ते म्हणाले. "शेवटच्या क्षणी माणूस काय हाक मारतो, ते देवालाच माहीत. पण तुम्ही स्वतःविषयी शंका धरू नका. तुमचं तारण पक्कं आहे. त्यानं एकदा ज्याला हातात धरलं, त्याला कुणी ओढून काढू शकत नाही."

धीर यावा म्हणून ते हे बोलले होते. बनुबाई उलट घाबरली.

"म्हंजी मला सुटताबी यायचं न्हाई?"

"सुटायचं कशाला, बाई?"

"त्यो जितं असंल तितं जायाला."

पाद्रीसाहेबांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. ती डोळे उघडे ठेवून उभी होती. त्यानंतर ती साताऱ्याला गेली नाही.

तिनं वचनं विसरायचं ठरवलं. पाठ केल्यानं जे मिळालं ते विसरल्यानं जाईल, असा तिचा साधा हिशेब होता. तोंडाशी वचन आलं की ती ओवी म्हणायची, शेजारणीला हाक मारायची, शब्द मुद्दाम मागंपुढं करायची. पण जिभेवरून ढकललेलं वचन आत चालूच राहायचं. खुरप्याचा ठेका धरला की ते त्या ठेक्यावर यायचं. शिकताना इतका त्रास झाला नव्हता, असं ती एकदा शेजारच्या सुलाबाईला म्हणाली. सुलाबाईला त्यातलं काही कळलं नाही. तिनं बनुबाईला शेंगा भाजून दिल्या आणि "खा जरा," म्हणाली.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत खोकला परत आला आणि पदराला रक्त दिसलं. लालासाहेबानं मिशनच्या दवाखान्याला जायला गाडीची वेळ विचारून ठेवली. "तितं म्या जायाची न्हाई," ती म्हणाली. त्यानं विनवलं, ओरडून पाहिलं, तिच्या भावाला आणून समजावलं. ती हलली नाही.

शेवटी शेवटी तिला बोलायलाही दम पुरेना. एका सकाळी ती तळमळत होती. लालासाहेब उशाशी बसला होता. हिला कशानं आराम पडंल, या विचारात त्याला एकच गोष्ट सुचली. पूर्वी ती म्हणायची तेव्हा ऐकून ऐकून 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे तिचं स्तोत्र त्यालाही येत होतं. आपल्या गावठी बोलीत, अडखळत, त्यानं ते तिच्या कानाशी म्हणायला सुरुवात केली.

बनुबाईनं हात उचलला आणि त्याच्या तोंडावर ठेवला.

"नगा," ती म्हणाली. "त्येनं म्या तिकडं जाईन. पोरगं तितं न्हाई."

तेव्हा लालासाहेबाला तीन वर्षांचा उलगडा झाला. "मग काय म्हनू, बनू?"

"मानसिंगचं नाव घ्या."

त्यानं नाव घेतलं. ऊन ओसरीवर येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा ते एकच नाव घेत राहिला. पण तिचे ओठ मधूनमधून हलत होते, आणि ते वचनंच म्हणताहेत हे त्याला दिसत होतं. तिलाही ते कळत असावं. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहत होतं. दुपारी ती गेली.

भावकीनं तिला आपल्या रीतीनं नदीकाठी अग्नी दिला. कुणीतरी कळवलं म्हणून पाद्रीसाहेब आले होते. ते लांब, बाभळीखाली टोपी हातात घेऊन उभे राहिले. सगळं झाल्यावर लालासाहेब त्यांना एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेला.

"पाद्रीसाहेब, आता ती कुटं असंल?"

हे उत्तर पाद्रीसाहेबांना येत होतं. त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास होता. "प्रभूजवळ," ते म्हणाले.

"लेकराबिगर?"

कोरेगावकडून गाडी आली. पाद्रीसाहेब चढले आणि खिडकीतून त्यांनी हात जोडले. लालासाहेबानंही जोडले.

त्या दिवशी पाटाच्या पाण्याची पाळी त्याची होती. सुतकात पाळी चुकवली तरी कुणी बोललं नसतं, पण पाणी वाया गेलं असतं. त्यानं फावडं घेतलं, उसात शिरला आणि सरीच्या तोंडाचं बारं फोडलं. पाणी सरीतून पुढं सरकत होतं आणि तो त्याच्या मागं मागं चालत होता.