घोडे, चाबूक आणि आईची शीळ

दचकू नका, त्या टापा माझ्याच पोटातून ऐकू येताहेत. मी एक स्वरलिपी बोलतेय. म्हणजे मोठ्या वाद्यवृंदात कुणी कधी काय वाजवायचं आणि कधी गप्प बसायचं, हे जिच्यात लिहिलेलं असतं ती जाडजूड वही. इतर स्वरलिप्यांच्या पोटात चांदणं असतं, झरे असतात. माझ्या पोटात घोडे, चाबूक, एक घंटा आणि भरपूर धूळ. इटलीवाल्यांनी काढलेले ते जुने काउबॉय सिनेमे आठवतात? दोन आडदांड माणसं भर उन्हात डोळे बारीक करून एकमेकांकडे बघत उभी राहतात, तोंडातून शब्द काढत नाहीत, सगळं बोलणं मागचं संगीत करतं? त्या संगीताला केलेला मी नमस्कार आहे. जरा लांबलचक आहे, पण मनापासून आहे.

माझे वडील वाद्यवृंदात झांजा वाजवतात. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, पुढच्यांची टकलं बघत ताटकळायचं, मग एकदाच ‘झण्ण’ करायचं आणि खाली बसायचं. ते एक ‘झण्ण’ चुकलं तर मात्र अख्खं सभागृह मान वळवून बघतं. दुसऱ्यांच्या संगीतात इतकी वर्षं थांबून थांबून त्यांच्या डोक्यात स्वतःचं संगीत साठलं आणि जेवणाच्या टेबलावर माझा जन्म झाला. तिथेच वाढले मी. घरात जे जे शिजलं त्याचा एकेक डाग माझ्या अंगावर आहे.

आता आई. वडिलांची बायको, म्हणून माझी आई. ती शीळ घालते. भांडी घासता घासता तिनं शीळ सुरू केली की खिडकीतलं मांजर उठून बसतं. वडिलांना वाटायचं, किती सुखात आहे आपली बायको! मी टेबलावर पडल्या पडल्या सगळं बघत होते, मला खरं काय ते ठाऊक होतं. आई चिडली की शीळ घालायची. भांडण नाही, आदळआपट नाही. वडिलांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला, की शीळ. न विचारता कुणाला जेवायला बोलावलं, की लांब, थरथरती, अंगावर काटा आणणारी शीळ. आणि वडील धावत येऊन ती चाल टिपून घ्यायचे. बायको खूश आहे असं वाटायला नवऱ्यांना फार कमी पुरावा लागतो.

अशी माझी मुख्य चाल तयार झाली. बंदुका निघण्याआधी सगळी वाद्यं थांबतात आणि त्या शांततेत एकटी शीळ उठते. त्या ओळीवर वडिलांनी लाजत लाजत लिहिलं, ‘प्रेमाने’. ही शीळ आईनंच घालायची, यावर ते अडून बसले होते.

वाद्यवृंदाचे संचालक हातातल्या छडीनं सगळ्यांना वाजवायच्या खुणा करतात, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे छडीवाले म्हणतात. त्यांना मी मुळीच आवडले नाही. टापांसाठी करवंट्या लागतील हे वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. पण वडिलांनी आजवर कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून ते कसेबसे तयार झाले. अट एकच. शीळ जमली नाही तर ती ओळ बासरीवाला वाजवणार, आणि पुन्हा माझं नाव काढायचं नाही.

तालमीत आईला शीळ जमेना. सगळे बघायला लागले की तिला हसू फुटायचं, आणि हसऱ्या तोंडानं शीळ वाजत नाही. करून बघा. नुसतं फुस्स. छडीवाले कागदाला धरून चालणारे. ते म्हणायचे, प्रेमाने लिहिलंय, तर प्रेमानेच घाला. आई प्रेमाने वडिलांकडे बघायची, ते दोन करवंट्या घेऊन गंभीरपणे उभे असायचे, की पुन्हा फुस्स. घरी आली की मात्र ती रडकुंडीला यायची. आपल्यामुळे नवऱ्याचं एवढं एक स्वप्न बुडणार, ही धास्ती तिनं घेतली होती. खरं काय ते मला ओरडून सांगावंसं वाटे, पण स्वरलिपीला स्वतःचा आवाज कुठला?

कार्यक्रमाच्या दिवशी टापा झकास पडल्या, चाबूक कडाडला, घंटा वाजली आणि सगळी वाद्यं थांबली. आई पुढे आली. ओठांचा चंबू केला, वडिलांकडे पाहिलं, आणि फुस्स. पुन्हा फुस्स. पहिल्या रांगेत कुणीतरी खाकरलं. बासरीवाल्यानं बंदुकीला हात घालावा तशी बासरी हळूच ओठांशी नेली. छडी त्याच्याकडे वळू लागली. संपलं आपलं, असं मी मनात म्हटलं.

तेवढ्यात मागून वडील बोलले. त्यांना आईला धीर द्यायचा होता, हे मी शपथेवर सांगते. कुजबुजायचंच होतं त्यांना, पण त्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

“अगं, घाबरतेस काय? चुकलं तर चुकलं. दुपारची भाजी एवढी खारट झाली होती, मी बोललो का काही?”

आईचं हसू मावळलं. ती सावकाश वळली. तिचे डोळे बारीक झाले. वडिलांच्या हातातली एक करवंटी घरंगळत गेली. दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली, अगदी सिनेमातल्यासारखी, फक्त बंदूक एकाच बाजूला होती. आणि मग शीळ आली. अशी आली की बासरीवाल्यानं बासरी मांडीवर ठेवली आणि छडीवाले छडी हलवायचं विसरले. शेवटचं ‘झण्ण’ आयुष्यात पहिल्यांदा उशिरा पडलं, कारण वडील डोळे पुसत होते. टाळ्या काही थांबेनात.

पुढे कितीतरी दिवस घरात बोलणं बंद आणि शीळ चालू. तेव्हा कुठे वडिलांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी माझ्यावरचं ‘प्रेमाने’ खोडून ‘रागाने’ लिहिलं. ते बाहेर गेल्यावर आईनं पेन उचललं आणि त्याखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘भाजी खारट नव्हती.’

आता माझ्या नकला, आईच्या त्या ओळीसकट, गावोगावच्या वाद्यवृंदांकडे जातात. तिथले संचालक ती ओळ वाचून डोळे मिटतात आणि वादकांना म्हणतात, इथे जरा बेतानं घ्या. बाबांनो, अर्थ शोधत बसू नका. शीळ घालणारीला आधी जेवणाबद्दल काहीतरी बोला आणि पटकन बाजूला व्हा.

आणि खरं सांगू? त्या दुपारी वडील जेवता जेवता माझी पानं चाळत होते, तेव्हा त्या भाजीचा रस्सा शिळेच्याच पानावर सांडला होता. खारट होती हो, चांगलीच खारट होती. पण हे आपल्यातच राहू द्या. मला अजून त्याच घरात राहायचंय.