ध्रुवाभोवतीचं वर्तुळ

अहवाल सोमवारी छापायला जायचा होता आणि त्यात त्या जुन्या, हाताने काढलेल्या तारानकाशाबद्दल एक वाक्य होतं: ‘नकाशाकार निष्काळजी होता.’ वाक्य सरांचं, पण मोजमापं तिची. म्हणून तर ते तिला जास्त बोचत होतं.

बाहेरच्या बाकावर बाळ तिच्या आईच्या मांडीवर झोपलं होतं. ते उठेपर्यंतचा वेळ तिचा.

तिने पुन्हा भिंग धरलं. तारे चुकले होते खरे, पण सगळे एकाच तऱ्हेने. उभी अंतरं कमी भरत होती, आडवी जशीच्या तशी. निष्काळजी माणूस इतक्या शिस्तीत चुकेल? तिने ध्रुवाभोवतीचं वर्तुळ मोजलं. मधोमध कंपास टोचल्याचं भोकसुद्धा होतं. कंपासचं वर्तुळ गोलच असणार. हे मात्र उभं कमी भरलं.

“सर, माणूस नाही चुकला. कागद कधीतरी भिजून वाळलाय, उभा आटलाय.”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “परवा छपाई, आणि आज कागद आटला? अगं, सगळं पुन्हा मोजावं लागेल.”

“मोजते.”

“आणि लेकरू?”

“त्याला आजी आहे की!”

“आजी आहे,” दारातून आवाज आला, “पण आजीला दूध येत नाही! ऊठ, जागा झालाय.”

मग तेच चाललं. बाळ रडलं की बाहेर, पाजून झालं की हात धुऊन आत. वर्तुळ जितकं आटलं त्या हिशेबाने एकेक अंतर ती पुन्हा मांडत गेली आणि तारे मुकाट्याने आपापल्या घरी परतले. कोपऱ्यातले चार तेवढे हटून बसले.

“सोड ना ते चार,” आई म्हणाली. “एकदा त्या नकाशावाल्याची बाजू घेतलीस, तर पुरती घे.”

“बाजू नाही गं घेत. मोजतेय.” तिने ते चार नकाशाकाराची चूक म्हणूनच नोंदवले.

रविवारी सरांनी ते वाक्य खोडलं आणि पेन हवेतच थांबलं. “म्हणजे याच अहवालात ज्या दुसऱ्या दोन नकाशांना आपण अचूक म्हटलंय...”

“त्यांचेही कागद बघावे लागतील. छपाई थांबवा, सर.”

“हिला रजेवरून लवकर बोलावलं, ते मीच!” पुटपुटत सरांनी फोन उचलला.

तिने तोवर पुढच्या नकाशाचा खण ओढला होता.