वाफेबाबाची विभूती

"मागे सरा! धरणीमाता श्वास घेतेय!" वाफेबाबाने झोळीतली ओंजळभर विभूती खडकातल्या भोकात सोडली. सगळे दोन पावलं मागे सरले. मग जमिनीच्या पोटातून गुरगुर, भोकाच्या तोंडाशी फेस, आणि फस्सकन झाडाएवढा उंच उकळत्या पाण्याचा फवारा! माणसांनी धडाधड लोटांगणं घातली.

माझ्या ताईनेही. तिची मुलगी जन्मापासून एका पायाने अधू. बाबाने सांगितलं, "संध्याकाळी हिला भोकाच्या काठावर उभी करा. पाय सरळ झालाच म्हणून समजा."

माझी बायको शाळेत विज्ञान शिकवते. घरी आल्यावर तुषारांनी भिजलेलं भाचीचं डोकं पुसताना ती थबकली.

"अहो, वास घ्या."

मी घेतला. चक्क धुण्याचा साबण!

संध्याकाळी बाबा यायच्या आत बायको भोकाभोवती बांधलेली दोरी ओलांडून आत गेली.

"कोप होईल!" राखणीला बसलेला बाबाचा चेला किंचाळला.

"होऊ दे माझ्यावर. बाकीचे लांब व्हा."

तिने कपडे धुण्याच्या पावडरचा अख्खा पुडा आत रिकामा केला आणि मागे पळाली. गुरगुर, फेस, फवारा! सकाळपेक्षाही उंच.

बाबा धापा टाकत आला. "पाहिलंत? देवी हिलाही पावली!"

"देवी नाही, किराणा दुकान पावलं," बायको म्हणाली. "इथे खूप खोलवर वितळलेला खडक आहे. त्याच्या आचेने तळाचं पाणी भयंकर तापतं, पण वरच्या पाण्याच्या ओझ्याखाली त्याला उकळता येत नाही. साबणाने फेस होतो, वरचं पाणी बाहेर सांडतं, ओझं कमी होतं आणि तळाच्या पाण्याची एकदम वाफ होते. फवारा एरवीही उडतो, आपल्या वेळेला. बाबा त्याला फक्त घाई करतात."

"खोटं! ही विभूती आहे!"

"मग बादलीत कालवून दाखवा."

बाबाने झोळी छातीशी धरली. ती हिसकावली ताईने. बादलीत ओतून हात फिरवला, तर कोपरापर्यंत फेस! ती बाबाकडे वळली. "माझ्या पोरीला उकळत्या पाण्यात उभी करणार होतास तू?"

बाबाने वळून चेल्याला शोधलं. चेला केव्हाच पसार झाला होता.

एक म्हातारबाबा अजून हात जोडूनच उभे होते. "पण पोरी, फवारा तर खरा ना?"

"खरा आहे, आजोबा, आणि भाजणाराही. लांबून डोळे भरून बघा. पण 'हा माझ्या हुकमाने उडतो' असं कुणी म्हणालं, की हात जोडू नका. आधी त्याची झोळी उघडा."